किल्ली दिली

कपाटाला कुलूप होतं, काच शाबूत होती आणि आत पोथी नव्हती.

"ही बघा, उजवीकडून डावीकडे लिहिलेली..." एवढं बोलून गाईडबाई थांबली. मागे उभे असलेले नऊ पर्यटक माना उंचावून रिकाम्या मखमलीकडे बघत होते.

गाईडबाईच्या पोटाशी झोळीत बांधलेली तिची ठकी नेमकी तेव्हाच किरकिरायला लागली. सात महिन्यांची पोर, वरचे दात येत होते, आठवडाभर कुणाला धड झोप नव्हती. एरवी दर रविवारी या थांब्यावर ती हमखास डोळे मिटायची. चार धर्मांची चार प्रार्थनागृहं असलेल्या या जुन्या गल्लीतलं हे सगळ्यांत शांत दालन. तिच्या आईलाही इथेच पाच मिनिटं टेकायला मिळायचं.

आज ते नशिबात नव्हतं.

"आजोबा," तिनं हळूच विचारलं, "पोथी कुठाय?"

इथली राखण करणारे, जरा कमी ऐकू येणारे आजोबा कपाटाचं कुलूप ओढून बघत होते. ती लिपी वाचणारं गल्लीत आता त्यांच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. मागची एवढीशी खोली हेच त्यांचं घर. सकाळी नऊपासून ते गल्लीच्या कोपऱ्यावर ठकीला मांडीवर घेऊन बसले होते. गाईडबाई लोकांची नावं टिपून घेईपर्यंत हे काम त्यांचंच. ठकीनं त्यांच्या कमरेचं किल्ल्यांचं जुडगं तोंडात घातलं तेव्हा गाईडबाईनं झडप घालून ते काढलं होतं, पदरानं पुसलं होतं आणि मग सव्वानऊला, हरून, परत चावायला दिलं होतं. दहाला सगळे निघाले, तेव्हाच ते ठकीच्या मुठीतून सुटलं.

अकराच्या सुमारास हवालदार आले. सोबत ही जागा सांभाळणाऱ्या संस्थेचे चिटणीस.

"यांच्या हातून काही सांभाळलं जात नाही हो," चिटणीस पायऱ्या चढता चढताच म्हणाले. "घड्याळ बंद पाडून ठेवलंय, ते उद्या दुरुस्तीला धाडतोय. आता पोथी! महिन्याभरानं इथे पाऊल टाकतोय, तर हे ऐकायला."

हवालदारांनी कुलूप निरखलं. "फोडलेलं नाही. किल्ल्या किती?"

"एकच जुडगं. दाराची, कपाटाची, सगळ्या त्यातच. यांच्या कमरेला."

"आजोबा!" हवालदारांनी आवाज चढवला. "किल्ली दिलीत का?"

"दिली की. सकाळी आठला."

हवालदारांनी वहीत एक ओळ टिपली.

"कुणाला?"

"कशाला म्हणजे?" आजोबा वैतागले. "दर रविवारी देतो. नाही दिली तर चालेल कसं?"

"झालं!" चिटणीसांनी हात झटकले. "स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. आजच्या आज खोली रिकामी करा."

गाईडबाईनं आजोबांकडे पाहिलं. ज्या माणसाच्या मांडीवर दर रविवारी आपण पोर सोपवतो, त्या माणसानं? ती लोकांची तोंडं चुकवत ठकीला थोपटत राहिली. ठकी रडायची थांबेना.

"भूक लागली असेल," एक पर्यटक बाई म्हणाल्या.

"आत्ताच प्यायलीय." मग का रडतेय? इथे तर ती झोपते. इथे कशानं झोपते ती?

गाईडबाईनं कान दिला. नेहमीची टकटक नव्हती. तिनं मान वर केली. भिंतीवरच्या पेटीएवढ्या मोठ्या घड्याळात नऊ वीस झाले होते. लंबक तिरका थबकला होता.

ती आजोबांच्या कानाशी वाकली. "आजोबा, किल्ली घड्याळाला दिलीत ना?"

"मग काय ठकीला? तेच मघापासून सांगतोय!"

कुणीतरी खुदकन हसलं. हवालदारांनी वहीतली ओळ खोडली.

"साहेब," गाईडबाई म्हणाली. थकव्यानं तिचा आवाज अगदी सपाट झाला होता. "आठला किल्ली दिलेलं घड्याळ आठवडाभर चालतं. हे दीड तासात थांबलं. आपणहून थांबलेल्या घड्याळाचा लंबक सरळ लोंबतो, हा तिरका आहे. आत काहीतरी अडकलंय. ते जरा उघडता का?"

हवालदार स्टुलावर चढले. घड्याळाच्या पोटातून, लंबकाला टेकलेली, कापडात गुंडाळलेली पोथी निघाली. आजोबांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

"म्हणजे यांनीच लपवली!" चिटणीस म्हणाले.

"नऊ वीसला आजोबा कोपऱ्यावर होते. आम्ही दहा जण साक्षीला आहोत. आणि हे जुडगं तेव्हा माझ्या मुलीच्या तोंडात होतं. म्हणजे दुसरं जुडगं आहे." ती चिटणीसांकडे वळली. "काका, महिनाभर तुम्ही इथे आला नव्हता. घड्याळ तर आज सकाळपर्यंत चालू होतं. मग ते बंद पडलंय, हे तुम्ही आत यायच्या आधी पायरीवरच कसं सांगितलंत?"

चिटणीसांनी खिशातला रुमाल काढला, पण घाम पुसला नाही.

"मागचं दार बेकरीच्या अंगणात उघडतं," ती पुढे म्हणाली. "तिथे दहा माणसांची ये-जा. काखेत पोथी दिसली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं. हात हलवत गेलेल्याकडे कोण बघतो? उद्या मात्र दुरुस्तीच्या नावाखाली घड्याळ राजरोस बाहेर पडलं असतं. लंबक अडला, तेव्हा समोर तुम्हीच होतात."

"खिसे दाखवा," हवालदार म्हणाले.

किल्ल्या नव्याकोऱ्या होत्या.

चिटणीस बाकावर बसले. "पोथी कुठे जाणार नव्हती हो. चार दिवसांनी सापडलीच असती. मला फक्त खोली मोकळी हवी होती. सहा वर्षं सांगतोय यांना. ऐकतच नाहीत."

"काय म्हणतोय?" आजोबांनी विचारलं.

"तुम्ही ऐकत नाही म्हणतायत."

"ते खरंय."

हवालदार चिटणीसांना घेऊन गेले. आजोबांनी स्टुलावर चढून लंबकाला बोट लावलं. टक. टक. ठकीचं रडणं हुंदक्यांवर आलं, मग उसाशांवर, मग थांबलंच.

"तुलाही वाटलं ना, मी कुणाला तरी किल्ली दिली म्हणून?" पाठमोऱ्या आजोबांनी विचारलं.

खोटं बोलायचंही तिच्यात त्राण नव्हतं. "वाटलं. पाच-दहा मिनिटं."

आजोबा काटे फिरवून वेळ लावत राहिले. मग खाली उतरले आणि कमरेचं जुडगं काढून तिच्या हातात ठेवलं.

"ठकी उठली की लागेल."

"पुढचा थांबा कुठला?" दाराशी कुणीतरी विचारलं.

अजून तीन राहिले होते. गाईडबाई बाकावर टेकली, किल्ल्या पदरानं पुसत म्हणाली, "सांगते. पाच मिनिटं द्या."