मागच्या ओट्यावरचं ताट

भाऊबीजेच्या सकाळी प्राची अमडापूरहून निघाली तेव्हा तिच्या पिशवीत ओवाळणीचं तबक होतं, करंज्यांचा डबा होता आणि भावासाठी घेतलेला लाल स्वेटर होता. चिखलीला एसटी बदलली, मेहकरला पुन्हा बदलली. सणाची गर्दी, मांडीवर दुसऱ्याचं लेकरू. लोणारला उतरून ती निवासाकडे चालू लागली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

स्वतःला सांभाळता न येणाऱ्या माणसांचा ‘मायसावली निवास’ गावाच्या बाहेर होता, सरोवराच्या काठाजवळ. मागच्या भिंतीपलीकडे बाभळीची झुडपं सुरू होत आणि मग जमीन एकदम खाली उतरत जाई. वारा खालून आला की खाऱ्या पाण्याचा उग्र वास अंगणात येऊन थांबे. तिथल्या माणसांना तो आता जाणवत नसे. प्राचीला तो दर वेळी नवा वाटे.

गोविंदा तिचा धाकटा भाऊ. चांगला तिशीचा बाप्या, पण त्याला बोलता येत नसे आणि एकट्याने रस्ता ओलांडता येत नसे. मात्र गळ्यातल्या घंटेवरून कुणाचा बैल ते तो ओळखे. आई होती तोवर काळजी नव्हती. मग आई झुंबरबाई गेली आणि गोविंदा प्राचीच्या सासरी आला. तिथे भाजीचा मळा, मळ्यात कठडा नसलेली विहीर. पहाटे कुठे घंटा वाजली की हा अंधारात उठून चालू लागे. वर्षभर प्राचीने त्याच्या मनगटाला दोरी बांधली आणि दुसरं टोक स्वतःच्या पायाला गुंडाळून ती झोपली. मग एक दिवस तिने ती दोरी सोडली आणि त्याला इथे आणून ठेवलं. इथे भिंत होती, फाटक होतं, पगारी माणसं होती. इथे तो सांभाळला जाईल असं तिला वाटलं. आपलं माणूस दुसऱ्याच्या हाती देताना सगळ्यांना असंच वाटतं, कारण तसं वाटल्याशिवाय हात सुटत नाही.

“आल्या का प्राचीबाई!” स्वयंपाकीण सोजराबाई दारातच भेटली. “राखीनंतर आता तोंड दाखवून राह्यल्या. मले वाटलं, यंदा सोयाबीनलेच ओवाळता का काय!”

“सोंगणी होती न मावशी. कुठी हाये तो?”

“असन इकडंतिकडं. आत्ताच जेवला. तुमचा भाऊ म्हंजे इथला जावई हाये बाई. चारचौघांत बसत नाही, मांगच्या ओट्यावर येगळी पंगत लागते त्याले.”

ते खरं होतं. गोविंदा कुणासमोर जेवत नसे. सोजराबाई त्याचं ताट स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर झाकून ठेवी आणि नंतर रिकामं उचलून आणी. निवासात माणसं मोजायची रीतही तीच होती. कोण कोपऱ्यात बसे, कोण पांघरुणात तोंड झाकून पडे, कोण झाडामागे. एकेकाच्या मागे कोण फिरणार? घासायला ताटं बरोबर आली की माणसं बरोबर. “ताट आलं म्हंजे माणूस आलं,” असं सोजराबाई म्हणे आणि अधीक्षक राजकुमार सर मान डोलावत.

प्राची मागे गेली. ओट्यावर ताट होतं, जेवून झालेलं. त्यात भाकरीचा काठ गोल कड्यासारखा मांडून ठेवलेला होता. तिला एकदम हसू आलं आणि डोळेही भरून आले. लहानपणी आई सगळ्यांच्या शेवटी जेवायची, आणि तोवर टोपल्यात भाकर उरलेली नसायची. ती गोविंदाच्या ताटातले काठ चावत बसायची. ते त्याने पाहून ठेवलं होतं. तेव्हापासून तो भाकर मधूनच खाई आणि काठ आईसाठी ठेवी. आई जाऊन इतकी वर्षं झाली तरी ठेवीतच होता.

“गोविंदाऽ... अरे, मी आली न...”

झुडपं हलली. वारा असावा.

तिने काठाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. तो अजून कोमट होता. पण चव... खारट, तुरट, जिभेला धरून बसणारी.

“मावशी, आज मीठ लय पडलं व.”

“मीठ?” सोजराबाई ताटं गोळा करत म्हणाली. “आज तर सगळं अळणी केलं. सरांचं बीपी वाढलं म्हणून आमा सगळ्याइलेच डाएट!”

प्राचीने झोपायच्या खोलीत पाहिलं, न्हाणीत पाहिलं. राजकुमार सर मोबाइलवरून मान वर न करता म्हणाले, “ताई, घाबरू नका. आपल्याकडे कुणीही कमी नाही. बहीण आली की लपून बसतो तो, लाडात येतो.”

दिवस मावळला. लाईट गेली. तिने अंगणात पाट मांडला, तबकात दिवा लावला आणि ती वाट पाहत बसली. समोर पाट रिकामा. परतीची शेवटची गाडी निघायची वेळ होत आली. पश्चिमेला सरोवरावर बीजेची बारीक कोर टेकली होती. भाऊ लांब असला की बाया चंद्राला ओवाळतात, हे तिला आठवलं. ती उठली आणि तिने चंद्राला ओवाळलं.

सोजराबाईने तिचा हात धरला. “असं काऊन करता? भाऊ घरात असताना चंद्राले ओवाळते का कोणी?”

“मग आणा न त्याले समोर.”

सोजराबाईने तिचा हात सोडला. प्राचीने डबा आणि स्वेटर तिच्या हाती दिला आणि ती पळतच फाटकाबाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सोजराबाईचा फोन आला. ती हसत होती. “डबा रिकामा केला व त्यानं! करंज्या मधून खाल्ल्या अन् मुरडीच्या कडा तेवढ्या ठेवल्या.”

प्राचीला इतकं बरं वाटलं, की त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी शांत झोपली.

थंडी पडली. हरभरा फुलावर आला होता तेव्हा शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्याला सरोवराच्या उतारावर, दोन दगडांच्या खोबणीत, गोविंदा सापडला. सापडला म्हणजे हाडं सापडली. मनगटाच्या हाडाभोवती राखीचा दोरा होता. त्यावरची चमकी अजून शाबूत होती. ती राखी प्राचीने चिखलीच्या बाजारातून निवडून घेतली होती.

डॉक्टर तरुण होता. तिच्याकडे न बघता बोलला. पाय मोडला होता. लगेच गेला नसावा, एकदोन दिवस तरी काढले असावेत. कधी? पोळ्याच्या आसपास.

“पोळ्याच्या?” प्राचीने विचारलं. “दिवाळीच्या म्हणा डॉक्टर. दिवाळीत तो जेवला होता.”

“नाही ताई. दिवाळीपर्यंत काही उरलं नव्हतं.”

मग सगळं एकेक करून समजलं. पोळ्याच्या दिवशी निवासातल्या माणसांना पुजायला मिळावेत म्हणून गावातून बैल आणले होते. फाटक उघडं होतं. बैल परत गेले, घंटा वाजत गेल्या. त्या घंटांमागे कोण गेलं ते कुणी पाहिलं नाही. आणि त्या संध्याकाळी ओट्यावरचं ताट रिकामं आलं. दुसऱ्या दिवशीही आलं. गोविंदा दगडांत पडून होता, कदाचित फाटक दिसेल अशा अंतरावर, हाक मारता न येणारा. आणि इथे ताट घासलं जात होतं.

ते ताट एकदा, फक्त एकदा भरलेलं राहिलं असतं, तर कुणीतरी विचारलं असतं. हे प्राची नवऱ्याला सांगे, भिंतीला सांगे, चुलीला सांगे. कोण खात होतं, याचं तिला भय वाटत नव्हतं. तोच खात होता, हे तिला ठाऊक होतं. जीव जाताना आणि गेल्यावरही कुणाला त्रास नको म्हणून तो आपलं ताट रिकामं करत होता. तिला छळत होतं ते दुसरंच. ताटावरून माणूस मोजला म्हणून सोजराबाईला बोल लावायला तिला तोंड नव्हतं. तिनेही तेच ताट पाहिलं होतं, त्यातला काठ मोडून खाल्ला होता, आणि गाडी पकडली होती.

तेरवी झाल्यावर ती पुन्हा निवासात गेली. राजकुमार सर चौकशी, अहवाल, त्रुटी असं काहीबाही बोलू लागले. तिने त्यांना मध्येच थांबवलं.

“सर, मले कागद नाही पाह्यजे. आज सगळ्याइले अंगणात बसवा. उजेडात. माह्यासमोर जेवू द्या.”

तिच्या आवाजात काहीतरी असावं. सर उठले. अजून ऊन होतं. माणसं एकेक करून आली, काही भिंतीला धरून, काही हात धरून. अंगणात गोल पंगत बसली. प्राची प्रत्येकाजवळ गेली. नाव विचारलं. ज्यांना सांगता येत नव्हतं त्यांचं सोजराबाईने सांगितलं. प्राचीने प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवला. खांदे उबदार होते. एका म्हातारीने तिचा हात धरून ठेवला आणि सोडेचना. भाकर आणि पिठलं वाढलं गेलं. सगळे जेवायला लागले. कितीतरी दिवसांनी प्राचीला नीट श्वास घेता आला.

तेवढ्यात सोजराबाई आणखी एक ताट वाढून न्हाणीच्या मागे गेली आणि रिकाम्या हाताने परत आली.

“मावशी, सगळे बसले न?”

“हाव. सगळे.”

“मग ते ताट कोणाचं?”

“ते?” सोजराबाई पदराला हात पुसत म्हणाली, “ते तिचं. ती इकडं येत नाही. लाजते.”

“कोण ती?”

सोजराबाईने तोंड उघडलं. मग मिटलं. कपाळावर आठ्या आल्या. “ती... अवं ती नाही का... माह्या अंदी जे बाई होती सैपाकाले, तिनं सांगतलं होतं, एक ताट न्हाणीमांगं ठेवत जाय म्हणून. तवापासून ठेवतो मी.”

“तुम्ही पाह्यलं तिले? कधी?”

“ताट तर रोज येते न रिकामं...” सोजराबाईचा आवाज बारीक झाला. “रोज येते बाई...”

राजकुमार सरांच्या हातातला मोबाइल खाली आला. त्यांनी पंगतीकडे पाहिलं, मग प्राचीकडे. त्यांनाही नाव सुचेना.

प्राची न्हाणीला वळसा घालून मागे गेली. तिच्यामागून सोजराबाई आली, तिचा पदर धरून. तिथे एक सपाट दगड होता आणि पुढे भिंत. भिंतीचा खालचा भाग कधीतरी ढासळलेला होता, आणि त्या भगदाडातून पलीकडची झुडपं दिसत होती. माणूस कुणीच नव्हतं. खालून वारा आला आणि तो वास दोघींच्या मधे येऊन उभा राहिला.

प्राची भगदाडाशी वाकली. हाक मारायला तिने छाती भरून श्वास घेतला, आणि तसाच तो सोडला. कोण म्हणून हाक मारायची?

“ताई...” मागून सोजराबाई कुजबुजली. “इकडं पाहा...”

दगडावरच्या ताटात अर्धी भाकर संपली होती. घट्ट पिठल्यात बोटं ओढल्याच्या रेघा होत्या, आणि त्या रेघा अजून हळूहळू भरून येत होत्या.