बाबांच्या हाताची जागा

लिफ्टचं दार उघडलं आणि आत एक बाई उभी होती. कपाळ खमीर चढलेल्या कणकेसारखं फुगलेलं, डोळ्यांच्या जागी दोन फटी, डोक्याला काळी पट्टी. बिचारी, असं मनाशी म्हणत मी तिला वाट द्यायला बाजूला सरकले. तीही सरकली. तेव्हा लक्षात आलं, की लिफ्टमध्ये आरसा आहे.

मी दोन पावलं मागे सरकले.

"या ना आत, ती चावत नाही," कोणीतरी म्हणालं.

कोपऱ्यात एक उंच माणूस उभा होता. त्याच्याही डोक्याला पट्टी, डोळ्यांखाली जांभळी वर्तुळं आणि हातात ठिपक्याठिपक्यांची बायकी छत्री. बाहेर इस्तंबूलवर चांगलं लख्ख ऊन पडलं होतं.

"काल झोपताना मी बरी होते हो," मी म्हणाले. का कोण जाणे, पण त्याला खुलासा द्यावासा वाटला.

"सगळेच असतात. सूज वरून खाली उतरते. आधी डोळे, मग गाल, मग... गायब. माझी गालांवर आलीय, बघा. मी तुमच्या थोडा पुढे आहे."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"हो."

मला हायसं वाटलं.

"गुरांचा," तो म्हणाला. "तिकडे काळ्या समुद्राकाठी, ओर्दूला. पण सूज ती सूज — गाय काय नि तुम्ही काय..."

मी फणकाऱ्याने भुवया उंचावल्या आणि सबंध कपाळ ओढलं गेलं.

"भुवया नको," तो घाईघाईने म्हणाला. "रागवायचं तर तोंडाने रागवा. मी ऐकून घेईन."

त्याचं नाव तायलान. माझं सेल्मिन, एस्कीशेहिरच्या शाळेत संगीत शिकवते. इस्तंबूलच्या शिश्ली भागातलं ते हॉटेल सगळं केस रोवून घ्यायला आलेल्या लोकांनीच भरलेलं होतं. नाश्त्याच्या खोलीत गेलं की नुसत्या पट्ट्याच पट्ट्या. सगळ्यांच्या गळ्यात उशी, अंगात पुढून बटणं लावायचे सदरे, कारण डोक्यावरून काही घालायचं नाही. वाकायचं नाही. आणि नव्या केसांना तर कशाचा म्हणजे कशाचाही धक्का लागू द्यायचा नाही, मुळं धरेपर्यंत. त्या सगळ्या पुरुषांत बाई अशी मी एकटीच.

चमचा खाली पडला की पडलेलाच राहायचा. आजूबाजूचे चार-पाच जण त्याच्याकडे हताशपणे बघत बसायचे. मग तायलान उठायचा, पाठ ताठ ठेवून गुडघ्यांवर बसायचा आणि चाचपत चाचपत तो चमचा शोधायचा. कोणाला झोप लागली नाही, कोणाची औषधाच्या फवाऱ्याची वेळ झाली, सगळं ह्यालाच माहीत. दर नव्या माणसाला त्याचं पहिलं वाक्य एकच, "सरून जावो." आमच्याकडे आजाऱ्याला असंच म्हणतात. पण पट्टीवाल्याने पट्टीवाल्याला म्हटलं की दोघांनाही हसू फुटायचं.

रझा काका मात्र हसायचे नाहीत. बायको गेलेली, साठी उलटलेली. ह्या वयात केस कसले लावता म्हणून मुलांनीच त्यांची टर उडवली होती. ते कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून चहा प्यायचे. तायलानने त्यांना एकदाही 'इकडे वळा' म्हटलं नाही. आपली खुर्ची उचलली आणि त्यांच्या शेजारी, भिंतीकडेच तोंड करून बसला. मी बघितलं आणि माझाही पेला घेऊन तिकडेच गेले. तिघं ओळीने भिंतीकडे बघत चहा प्यायला लागलो.

"पोरी, तुला गं कशाला हे?" रझा काकांनी भिंतीलाच विचारावं तसं विचारलं. "तुझे तर चांगले केस आहेत."

भिंतीशी बोलणं सोपं असतं. म्हणून मी सांगून टाकलं. लहानपणी मी दारामागून धावत आले, बाबा उकळत्या चहाची किटली घेऊन येत होते, मी त्यांच्यावर आदळले. कपाळावर डाव्या बाजूला, केस जिथे सुरू होतात तिथे, तळहाताएवढा डाग राहिला. तिथे केस आलेच नाहीत. चूक कोणाचीच नव्हती.

"पण वारा आला आणि डाग झाकणारी माझी बट उडाली, की बाबा मान फिरवतात," मी म्हणाले. "अजूनही. म्हणून त्यांना न सांगता आले. शिक्षकांचं प्रशिक्षण आहे म्हणून थाप मारलीय. केस हळूहळू उगवतील... एक दिवस वारा येईल आणि बाबा मान फिरवणार नाहीत. का, ते त्यांना कळणारही नाही."

"आणि नाही उगवले तर?" तायलानने विचारलं.

"डॉक्टर म्हणालेच. डागाच्या कातडीत सगळे धरतीलच असं नाही. मग काय... पुन्हा बट."

तो मग पेल्यातली साखर ढवळत म्हणाला, "मी तर तुम्हाला बटेशिवायच पाहिलंय. वर सुजलेलं पाहिलंय. आणि लिफ्टमध्ये स्वतःलाच वाट देताना पाहिलंय. मला नाही मान फिरवावीशी वाटली."

रझा काका भिंतीकडे बघून खाकरले. मी लाजले असेन, पण त्या सुजेत ते कोणाला दिसणार.

संध्याकाळी आम्ही दोघं पाय मोकळे करायला बाहेर पडलो. छत्रीचं कोडं तेव्हा सुटलं. ती त्याच्या आईची होती. इस्तंबूलचे समुद्रपक्षी डोक्यावर काय टाकतील ह्याचा नेम नाही, म्हणून तिने बळेच बरोबर दिलेली.

"गाईंना माझ्या टकलाचं काही वाटत नव्हतं हो," तो म्हणाला. "पण आईला वाटायचं. म्हणे, तुला कोण मुलगी देणार."

"आणि तुम्हाला काय वाटायचं?"

"टोपी घालायचो... उन्हाळ्यातसुद्धा. काय ते समजा."

एवढ्यात पावसाची बारीक बुरबुर सुरू झाली. दोघं एका छत्रीत, पण कोणाच्याच डोक्याला काडी लागता कामा नये. त्यामुळे तो हात सरळ वर ताणून चालत होता. 

"दुखत नाही?"

"दुखतो ना."

"मग वाटेत दुसरी छत्री घ्यायची. मघाशी तीन दुकानं लागली."

"लागली असतील," तो म्हणाला. "मी बघितलीच नाहीत."

 ओल्या फरशीवर आमचे पाय एकाच वेगाने पडत होते. असल्या तोंडाने कोणी प्रेमात पडतं का? माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

"तुम्हाला... 'तू' म्हटलं तर चालेल?"

"सूज उतरल्यावर विचारा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला माझे डोळे उघडेचनात. तायलान समोर उभा राहून माझ्या भुवयांच्या वर गार पट्टी धरत होता, एका हाताने माझी हनुवटी उचलून. फटीतून मला दार दिसलं. दारात एक माणूस उभा होता. रेल्वेतल्या नोकरीचा जुना कोट, हातात टोपी.

माझे बाबा.

 मागाहून सगळा उलगडा झाला. बाबांनी शाळेत फोन केला होता, तिथे कसलं प्रशिक्षण कोणाला माहीत नव्हतं. मग माझी मैत्रीण गुल्देन हिला गाठलं. बाबांच्या आवाजापुढे तिचा काय निभाव लागणार. हॉटेलचं नाव तिने सांगून टाकलं, कारण मात्र सांगितलं नाही. त्यापेक्षा दोन्ही सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कारण बाबांना दिसलं ते एवढंच, की काळ्यानिळ्या डोळ्यांची आपली मुलगी एका हॉटेलात बसलीय आणि कोणी परका माणूस तिची हनुवटी धरून उभा आहे.

"कोणी मारलं माझ्या पोरीला?" ते म्हणाले.

सगळ्यांनी माना न वळवता अख्खं अंग वळवलं. बाबांनी खोलीभर नजर फिरवली. तिथे तर सगळ्यांनाच कोणीतरी मारलेलं दिसत होतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबा..." मी उठले.

तो शब्द ऐकला आणि तायलानचा चेहरा पांढराफटक पडला. हातातली पट्टी त्याने टेबलावर ठेवली, तीन ढांगांत बाबांपुढे गेला आणि आमच्याकडे घरातल्या थोरामोठ्यांना करतात तेच त्याने केलं. बाबांचा हात हातात घेतला, ओठांना लावला...

"नको," मी ओरडले. रझा काका ओरडले. खोलीतला प्रत्येक जण आपापल्या भाषेत ओरडला.

...आणि कपाळाला लावला. चांगला दाबून. बरोबर पट्टीच्या वर, जिथे नवे केस रोवले होते तिथे.

 तायलानच्या कपाळावरून रक्ताचा एक बारीक ओघळ नाकाकडे निघाला. बाबांनी आपला हात डोळ्यांसमोर धरला. बोटांच्या पेरांवर बारीक केसांचा पुंजका चिकटला होता.

"हे... काय आहे?"

"केस आहेत," रझा काका म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते भिंतीकडून वळले होते. "ताजे रोवलेले. इथे सगळ्यांनीच रोवून घेतलेत. तुमच्या मुलीनेही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बट नव्हती, लपायला काही नव्हतं. आणि त्यांनी मान फिरवलीच. सरळ जाऊन कोपऱ्यातल्या त्या खुर्चीत बसले, भिंतीकडे तोंड करून. मी शेजारी बसले. रझा काकांनी न विचारता चहा आणून ठेवला.

"मला सांगितलं असतंस तर मी आलो नसतो का गं बरोबर?"

"तुम्हाला सांगायचं म्हणजे ते सगळं पुन्हा आठवून द्यायचं, बाबा."

"विसरलो कधी होतो, की तू आठवून द्यायला हवंस?"

मला रडू आलं. सुजलेल्या डोळ्यांनी रडायला फार त्रास होतो. बाबांनी रुमाल दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मग बऱ्याच वेळाने त्यांनी तायलानकडे मोर्चा वळवला. तो कपाळाला कापूस लावून मागे उभाच होता.

"आणि तू? एवढं माहीत होतं तर हात कपाळाला कशाला लावलास? डोकं फिरलं होतं?"

"आपोआप गेला, काका. घरच्या माणसांना करतो तसं... म्हणजे तुम्ही अजून घरचे नाही, पण..."

"अजून?" बाबा म्हणाले.

माझं कपाळ कचकन ओढलं गेलं.

"सेल्मिन," तायलान हळूच म्हणाला, "तुझ्या भुवया..."

सूज उतरली नव्हती. तरी मी त्याला 'तू' म्हणू दिलं.

घरी परतले आणि काही आठवड्यांनी सकाळी उशीवर बघते तर नवे केस सगळे गळून पडलेले. गळतील, असं डॉक्टर म्हणालेच होते. पण कानांनी ऐकणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. मी पलंगावर नुसती बसून राहिले. बाबा दारात आले, उशी पाहिली आणि तडक फोनकडे गेले.

"अरे ए गुरांच्या डॉक्टर, हिचे सगळे गळले की रे."

"माझेही, काका," पलीकडून आवाज आला. "मी उपटलेल्या कोंबडीसारखा दिसतोय. रझा काकांचे कालच गेले, त्यांना आत्ताच फोनवर समजावलं. मुळं आत असतात. वरचं गळतं, मग येतं."

"मुळं आत असतात म्हणे," बाबा दिवसभर मला सांगत राहिले. पुढे तेच त्याला फोन करायला लागले. माझा नंबर त्यांच्यानंतर.

वर्ष सरत आलं, ओर्दूच्या बागांतले हेझलनट उतरवून झाले आणि तायलान आईला घेऊन मला मागणी घालायला आला. वर्षभर आमचं सगळं फोनवरच चाललेलं, त्यामुळे दार उघडलं आणि मी दचकलेच. समोर एक देखणा, दाट केसांचा, पूर्ण परका माणूस उभा होता. तोही माझ्याकडे बघतच राहिला.

"सेल्मिन इथेच राहते ना?" तो म्हणाला. "जराशी सुजलेली असते..."

"इथेच राहते. आत या, ती चावत नाही."

आमच्या रीतीप्रमाणे, मागणी घालणाऱ्याची परीक्षा म्हणून मी त्याच्या कॉफीत मीठ घातलं. चांगले तीन चमचे. एक स्नायू न हलवता त्याने ती संपवली. बाबा गंभीरपणे म्हणाले, "सरून जावो."

मग त्यांची नजर तायलानच्या कपाळावर गेली. दाट केसांच्या रेषेत, बरोबर मधोमध, बोटभर रुंदीची मोकळी जागा होती.

"डॉक्टर म्हणाले भरून देतो," त्याची आई कुरकुरली. "ऐकेल तर शपथ."

"ती... माझ्या हाताची?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग भरून घे ना, बाळा. मला बघवत नाही."

"नको, काका. तुमच्या हाताची जागा आहे, असू दे. आणि तुम्ही बघा. रोज बघा... मला काही दुखत नाही."

 खिडकी उघडी होती. एक झुळूक आली आणि माझी बट उडाली. डागावर केस आले होते, पण निम्मेच. मधून तो दिसायचाच. माझा हात सवयीने वर गेला, पण बाबांचा आधी पोचला. त्यांनी बट बोटाने बाजूला धरली आणि डागाकडे नीट, थांबून पाहिलं.

"दुखतं का गं?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलंच नव्हतं.

"नाही, बाबा. कधीच नाही दुखलं."

त्यांनी माझ्या कपाळावर, बरोबर तिथेच ओठ टेकले. तायलान उठून पुढे आला, रीत पुरी करायला. बाबांनी झटक्यात हात पाठीमागे लपवला आणि सगळे हसले. मग त्यांनी स्वतःच तो पुढे केला.

"घे," ते म्हणाले. "पण हळू."

तायलानने तो ओठांना लावला, आणि मग अगदी अलगद त्याच मोकळ्या जागेवर टेकवला.