मीटरच्या पुढचं पाणी

घरातला नळ बंद, अंगणातली तोटी बंद, तरी जुबैदाचं मीटर आपलं फिरतंच! आता हे पाणी मुरतंय तरी कुठं?

पांढरकवड्याच्या त्या गल्लीत मीटर वाचायला येणारा सुनील म्हणाला, "भाभी, रस्त्यापासून मीटरपर्यंत फुटलं तं आमचं, मीटरपासून घरापर्यंत फुटलं तं तुमचं. सोमवारपर्यंत गळती थांबवा, नाहीतं नळ कापा लागन मले."

नळ गेला तर घरातल्या पाच माणसांचं पाणी आणायचं कुठून? जुबैदाचं धाबं दणाणलं. पण त्याहून मोठं कोडं अंगणाचं होतं. ते कोरडं ठाक.

रविवारी तिनं प्लंबर शकीलला बोलावलं. मागच्या उन्हाळ्यात ही लाइन त्यानंच टाकलेली. त्यानं मीटरपाशी पाइप खोलला, कपड्यांची नीळ आत ओतली अन् परत जोडला.

"निळं पाणी जिथं निंघन, तिथं फुटली समजा, आपा."

दोघं अंगणभर हिंडले. कुठंच काही नाही. मग जुबैदानं भिंतीपलीकडं डोकावलं. हंसाबाईच्या मोरीतून निळसर, साबणाचा फेस आलेलं पाणी वाहत होतं.

"या अल्ला!"

हंसाबाईला जाऊन दोन वर्षं झालेली. घराला कुलूप. नळ तर तिच्याकडं कधी नव्हताच. पाणी लागलं की बिचारी आपली बादली जुबैदाच्या उंबऱ्यापाशी ठेवून जायची, तोंडानं कधी मागायची नाही. जुबैदा मुकाट्यानं भरून द्यायची.

शकीलनं भिंतीलगत खोदलं. पाइपाला एक फाटा निघाला, भिंतीखालून सरळ पलीकडं गेलेला.

"हा कायले दिला होता रे?"

"म्या नाही दिला, आपा. कसम से." त्याचा आवाज बारीक झाला. "म्या तं सारी लाइन प्लास्टिकची टाकली. हा लोखंडाचा हाय. गंजला बी."

जुबैदानं फाट्यावर हात ठेवला. आत पाणी वाहत होतं. मध्येच थांबायचं, परत सुरू व्हायचं. बादली भरून बाजूला सरकवावी तसं.

"बंद करू?"

तिचा जीव तुटला. पण उद्या सोमवार.

"कर."

बूच बसलं. मीटर थांबलं.

सकाळी तिनं दार उघडलं. उंबऱ्यापाशी रिकामी बादली होती.

आतल्या काठाला नीळ अजून ओली होती.