शून्य म्हणजे मनाई नाही

बिश्केकमधल्या त्या कचेरीत पंधरा सरकारं एकाच भिंतीवर नांदत होती. साथीच्या काळात कुणी काय बंद केलं, किती घट्ट आवळलं, कधी सैल सोडलं, ते दाखवणारा डॅशबोर्ड होता तो. शाळा, सीमा, बाजार, जमाव अशी प्रत्येक देशाची एकेक आडवी पट्टी. मोकळीक असेल तिथं फिकट पिवळी, आणि बंदी वाढेल तशी तांबूस होत होत डाळिंबाच्या सालीसारखी गडद. शून्य ते चार गुण. डॅशबोर्ड तिलेकनं बांधला होता, गुण बेगायिम द्यायची.

गुण देण्याचा नियम तिनंच घालून दिला होता: फर्मान काय म्हणतं ते लिहायचं, लोक काय करतात ते नाही. त्यामुळे सरकारं शहाणी दिसत आणि लोक आज्ञाधारक. अशा हिशेबात कुणाचंच नुकसान होत नाही, असं निदान वाटतं तरी.

"एजे, तुमच्या तक्त्यात आपली माणसं जगात सगळ्यांत गुणी," तिलेक म्हणायचा. तिच्याहून थोडा लहान, म्हणून तिला एजे, म्हणजे ताई, म्हणणारा; दोन मुलांचा बाप, जिभेला हाड नाही. "मटण शिजल्याचा वास आला तर कबरीतून उठून बसेल असा आपला किरगीझ, आणि तो म्हणे जमावबंदी पाळतोय!"

"फर्मान आहे ना? मग चार," बेगायिम म्हणायची.

"तुम्ही परीक्षेला बसलात तर स्वतःलाही चारच द्याल."

तिच्या पर्समध्ये सहीशिक्क्याचा पास असायचा. जुलैत कोच्कोर गावी आई वारली तेव्हाही होता. नाक्यावर तो दाखवला असता तर दुपारपर्यंत पोचली असती. पण त्याच आठवड्यात जमावाच्या ओळीत तिनं स्वतःच्या हातानं चार टाकला होता. "बंदी आहे, मामा," ती फोनवर म्हणाली. "मीच मोडली तर कसं?" मामाच्या मागून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. एकदोघींचा नव्हे, अख्ख्या गावाचा. तिनं फोन ठेवला आणि त्या दिवसाच्या रकान्यातही चार भरला. तत्त्व पाळल्याचं समाधान मोठं चविष्ट असतं. ते पचत नाही, हे मागाहून कळतं.

ऑक्टोबरात देणगीदारांना डॅशबोर्ड दाखवायचा ठरला. बंदी कागदावर अजून होतीच. त्या आठवड्याच्या आरंभी, सकाळी चहा घेताना, बेगायिमला आपल्या देशाच्या गडद पट्टीवर एक फिकट तीळ दिसला. जमावाची ओळ. जुलैतला तोच दिवस.

"रकाना रिकामा राहिलाय," ती म्हणाली.

तिलेक खुर्ची ओढत आला. "रिकामा पांढरा दिसतो, एजे. रिकामा म्हणजे आपल्याला माहीत नाही. हे शून्य आहे. शून्य म्हणजे कुणीतरी ठामपणे सांगतंय, की मनाई नाही."

तिनं चार भरला. दुपारी परत शून्य. बदलांच्या नोंदीत तिचा चार दिसत होता, तिच्या नावासकट. शून्यापुढं नावच नव्हतं. तिलेकनं तिच्याखेरीज सगळ्यांचे पासवर्ड बंद केले. दुसऱ्या दिवशी तीळ बोटभर लांब झाला होता. तो उजवीकडं, आजच्या दिशेनं सरकत होता.

गुरुवारी तळणाचा वास येऊ लागला. मेलेल्यांना वास पोचावा म्हणून त्या दिवशी घरोघर तेल तापतं, तेव्हा वास येणारच. पण खिडक्या लावलेल्या होत्या, आणि भिंतीवरच्या पट्टीजवळ गेलं की तो दाट होई. तिलेकनं हुंगलं. त्यानं विनोद केला नाही.

"बंदी कुठं लागू, तो रकाना बघा," तो हळूच म्हणाला. तिथं देशाचं नाव असायचं, फार तर प्रांताचं. आता तिथं कोच्कोर होतं.

"तू लिहिलंस?"

"गावांसाठी मी जागाच बांधली नव्हती."

फिकट पट्टा आजच्या तारखेला टेकला होता.

"ही ओळच उडवू या, एजे. उद्या पाहुण्यांना काय कळतंय?"

"राहू दे." तिनं मामाला फोन लावला. "मामा, आईची बोझ-उय कधी उतरवली?"

"मयत ठेवायची राहुटी? माती दिली त्याच दिवशी. लोकरीचे नमदे उसने आणलेले, परत नकोत का द्यायला?" मामानं घसा खाकरला. "तुझ्यासाठी एक दिवस जास्त थांबलो होतो. मुल्ला चिडला. मीच म्हटलं, पोरीकडं पास आहे, येईल ती."

बेगायिमनं पर्समधला पास चाचपला.

"आता तरी ये. कुणी गुण मोजत नाही इथं."

सकाळी पाहुणे तिलेकच्या गळ्यात घालून ती निघाली. नाक्यावरच्या पोलिसानं पास बघितलासुद्धा नाही, नुसता हात हलवून पुढं जा म्हणाला. तेच तिला सगळ्यांत जास्त लागलं.

मयताच्या घरी जाताना लांबूनच मोठ्यानं रडत जायचं असतं. तिला वाटलं, आपल्याला जमणार नाही. मग फाटक दिसलं आणि आवाज फुटला. अंगणात राहुटीच्या जागी गवताचं पिवळं वर्तुळ होतं. लेकी बसतात तशी ती आत बसली, दाराकडं पाठ करून, जिथं भिंत असती तिकडं तोंड. शोकगीताचे शब्द तिला येत नव्हते. तरी येत गेले. शेजारून कुणीतरी ओळ आधी म्हणत होतं, आणि ती मागून.

शेजारी बघायचं नसतं. तिनं बघितलं नाही.

चेहरा पुसून ती उठली तेव्हा फोन वाजत होता.

"एजे, पट्टी भरली," तिलेक म्हणाला. "आपोआप. आजपर्यंत सगळे चार."

"बरं झालं."

"फक्त उद्याचा रकाना... एजे, तो अजून तयारच व्हायला नको. तो दिसतोय. त्यात शून्य आहे."

फाटकाशी ट्रक थांबला. दोघं गडी लाकडी जाळ्या उतरवू लागले, मग लाल दांडे, मग नमद्याच्या गुंडाळ्या.

"अरे, कुणी मागवलं हे?" मामा ओरडला.

"या घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी," ड्रायव्हर म्हणाला. "फोन आला होता. पोरगी पोचली की उभारा म्हणाल्या."

मामा पायरीवर बसला.

माणसं सरावाची होती. पिवळ्या वर्तुळावर जाळी नेमकी बसली.

ड्रायव्हर खांद्यावर निळा पडदा टाकून बेगायिमपाशी आला. "मयत बाईचं आहे ना? मग मयतापुढचा पडदा उजव्या अंगाला बांधतो."

आई गेल्यापासून मामा घरात एकटाच राहत होता. अंगणात आता बाई एकच होती.