दुसऱ्याच्या कॉलेजचं नाव

“फॉर्म कुनी भरला व्हता? बोल गो!” बापाने, गोमाजीने, कागद जमिनीवर आपटला, आणि श्रुतिकाने तो उचलून पुन्हा वाचला...

कागदावर एकच ओळ होती. खोटी माहिती दिल्यामुळे अर्ज रद्द. मुंबईच्या मेडिकल कॉलेजातली जीवरसायनशास्त्राची एम.एस्सी.! प्रवेश परीक्षेत ती सातवी आली होती. पण कागदपत्रं तपासताना अर्जावर कॉलेज निघालं मुंबईचं, नावाजलेलं, गुणपत्रिकेवर महाडचं! टेबलामागच्या बाई हळहळल्या होत्या, “अगं, कॉलेजचं नाव आम्ही बघतच नाही. परीक्षेचे गुण बघतो. कशाला केलंस हे?”

तिने केलंच नव्हतं! गावात, कुडपणला, मोबाइलला रेंज नाही, म्हणून अर्ज भरला होता धाकट्या भावाने, स्वराजने, मुंबईतून. महाडचं नाव बघून ताईला कुणी दारात उभं करणार नाही, या भीतीने त्याने स्वतःच्या कॉलेजचं नाव टाकलं... त्याच कॉलेजचं, जिथे बारावीनंतर श्रुतिकालाही प्रवेश मिळाला होता! पण परळला काकाच्या खोलीत पथारी एकाचीच. पुढल्या वर्षी पोरगा जाईल, त्याला जागा राखा, असं घराने ठरवलं, आणि ही मुकाट्याने दोन एसट्या बदलत महाडला जात राहिली. याला म्हणे पोरीचा समजूतदारपणा म्हणतात. चोरी म्हणावं, चोरी!

आता स्वराज दाराशी उभा होता, चुन्यासारखा पांढरा. खरं सांगावं, तर बाप त्याला शेवटच्या वर्षातून उचलून शेतात जुंपणार. खोटं सांगावं, तर आपलं शिक्षण संपलं! पळायला वाटच नाही... आपल्याच माणसांनी चहूबाजूंनी लिंपून टाकलेली!

“मीच भरला, बाबा.”

“मंग पुरं झालं शिकान! मानगावचा सोयरा कवाचा मागं लागलाय. त्याला हो कळवतो.”

“बाबा, ती खोटं बोलतेय!” स्वराज ओरडला. “मी भरला. मीच लिवलं माझ्या कॉलेजचं नाव!” आणि तो हमसून हमसून रडू लागला. “मला वाटलं... तुझी जागा तुला परत देतोय गो ताई...”

गोमाजीचा हात उठला. आईने, ठकूबाईने, तो हवेतच धरला. उभ्या जन्मात नवऱ्यापुढे न बोललेली बाई!

“त्याला कशाला मारता? पोराच्या कॉलेजच्या मोठ्या नावाचं कवतिक पयलं कुनी केलं? तुमी! आन पोरीची जागा पोराला देताना मी बी गप ऱ्हायले...” तिने लेकीला उराशी ओढलं. “चुकलं गो बाय माजं.”

गोमाजी मटकन खाली बसला.

“पुढल्या सालाला परत परीक्षा दे,” तो शेवटी म्हणाला. “माजी परवानगी हाय.”

“परवानगी नाही मागितली, बाबा.” श्रुतिका रडत होती, पण तिचा हात भावाच्या पाठीवर होता. “देणारच आहे.”

गोमाजीने मान खाली घातली.

“बरं,” तो म्हणाला.