खिशातला फ्यूज

जेवणं उरकली होती. उंब्रजच्या घराच्या गच्चीवर नाथाजीतात्या कठड्याला पाठ टेकून बसले. पुतण्या ऋषिराज लाइट लावायला उठला, तसे तात्या म्हणाले, "राहू दे रं, बस. माझ्यासंगं कुपवाडला कामाला हुता त्या अर्जुना वायरमनचं सांगतो. गेल्या वर्षीचं, अष्टमीच्या रातीचं.

"कारखान्यातलं पॅनल लय जुनं, पण लोखंडी कपाट ठणठणीत. मालक लालासाहेब म्हणाले, 'कपाट तेच ऱ्हाऊ द्या. आतला ब्रेकर तेवढा नवा बसवा. सकाळी खंडेनवमीची पूजा चालू पॅनलवर झाली पायजे.'

"अर्जुनाला नवरात्राचे उपास, त्यात दुसरी जागरणाची रात. पलीकडच्या खोलीत जाऊन त्यानं मेनचे तीन फ्यूज उपसले. आता आमच्यात एक रीत हाय. ज्यानं फ्यूज काढला, त्यानं तो आपल्याच खिशात ठेवायचा. म्हंजी दुसरं कुणी लावत न्हाई. ही रीत केरबाची. उभा जन्म त्यानं त्या पॅनलपाशी काढला. त्याच साली चैत्रात म्हातारा गेला, तवा पोरानं त्याच्या मुठीत त्याचा चिनी मातीचा फ्यूज ठेवला आन तसाच अग्नी दिला."

"तुमी हुता तिथं, तात्या?" ऋषिराजच्या धाकट्या बहिणीनं, संयोगितानं विचारलं.

"खांदा दिला की.

"अर्जुना दमलेला. फ्यूज मेनवरच ठिवून आला. जुना ब्रेकर काढला आन घोटभर चहाला भाईर गेला. तेवढ्यात राखणदार हंबीरराव, बोअर बंद पडला म्हणून, फ्यूज लावून मोकळा.

"अडीच वाजलं असतील. अर्जुना परत आला. कपाटात तांब्याच्या पट्ट्या उघड्या. पाना घेतला. हात आत घातला...

"'थांब रं.'

"मागं बघितलं. कुणी न्हाई.

"'खिसा बघ, गड्या.'

"दमलेला आवाज. केरबाचा...

"खिसा चाचपला. रिकामा. टेस्टर लावला.

"पेटला..."

 

"आन मग?" ऋषिराज हळूच म्हणाला.

"मग काय. मेल्यावरबी सुट्टी न्हाई म्हाताऱ्याला. कपाट तेच ऱ्हायलं न्हवं? त्योबी ऱ्हायला.

"अर्जुनानं फ्यूज परत उपसले. या खेपेला खिशात टाकले. उजाडताना ब्रेकर बसला. मेनपाशी जाऊन त्यानं खिशात हात घातला. एक लावला... दुसरा... तिसरा. पॅनल चालू झालं.

"खिसा अजून जड हुता."

"काय हुतं?"

"चिनी मातीचा फ्यूज. काजळी धरलेला...

"आन कोमट."