शेजारच्या सीटची ऊब

ही गोष्ट ऐकीव नाही. या हातानं अनुभवलीय… पार कोपरापर्यंत.

गेल्या थंडीतला सोमवार, दुपारचे चार. गॅरेजात मी एकटा. तसा घरीही एकटाच असतो म्हणा.

मास्तर गाडी घेऊन आले. रिटायर झालेले, जुनं गिऱ्हाईक.

"हीटर माझ्याच बाजूला गरम येतो रे. हिच्या बाजूला गारच."

वहिनींना जाऊन दोन वर्षं झालेली. मी पाना उचलला.

"डॅशबोर्ड मात्र उघडायचा नाही. तिचा हात फिरलाय त्यावर."

"म्हणजे पोट न फाडता अपेंडिक्स काढायचं!"

हसले. बाहेर बाकावर जाऊन बसले.

ग्लोव्ह बॉक्स काढला की मागे हात जाईल एवढी जागा होते. आत दिसत काही नाही. बोटांनीच बघायचं. गरम हवा वळवणारी झडप सापडली. वहिनींच्या बाजूला ढकलली.

ती परत आली… हळूच.

स्प्रिंग असेल म्हटलं. पण या झडपेला स्प्रिंग नसते. झडप फिरवणाऱ्या मोटरची पिन काढली. इंजिन बंद केलं. पुन्हा ढकलली.

परत आली…

आणि या वेळी माझ्या बोटांवर बोटं टेकली.

गारठलेली. एकात अंगठी.

मग उमगलं… बाई सगळी ऊब नवऱ्याकडे ढकलत होती.

रोज गिऱ्हाइकाला म्हणतो तेच सवयीनं तोंडून निघालं. "जा तुम्ही निवांत. मी बघतो."

बोटं सुटली.

झडप फिरली. दोन्हीकडे मस्त गरम हवा. मास्तर खूश.

आठ दिवसांनी परत आले. चेहरा उतरलेला.

"होतं तसं करून दे रे. गरम यायला लागल्यापासून ती शेजारी आहे असं वाटतच नाही."

हात घातला. चाचपलं.

"वहिनी…?"

झडप सैल. आत कुणी नाही. परत बिघडवायला काही उरलंच नव्हतं.

काय सांगणार त्यांना? 'मी बघतो' असं मीच बोलून बसलो होतो.

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांच्यासोबत फेरी मारतो. वहिनींच्या सीटवर बसून. "तुझ्या बडबडीनं कान किटले," म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजसमोर हॉर्न वाजवतातच.

परवा मास्तर कुडकुडत होते. बघतो तर माझा हात पुढे गेलेला… माझ्यासमोरची हीटरची जाळी त्यांच्याकडे वळवत होता.

हात माझाच होता.

वळवत मी नव्हतो.